वंशावळींचे जुळवणीकार : रियासतकार सरदेसाई

पुष्कळ घरांतून जुन्या पेटीत वंशावळीचा एखादा जीर्ण कागद जपलेला असतो. भाऊबंदांच्या घरच्या कागदाशी तो ताडून पाहावा, तर दोहोंचा मेळ बसत नाही. मराठेशाहीतील घराण्यांचा असा मेळ ज्यांनी बसविला, त्या गोविंद सखाराम सरदेसाई यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावी झाला. १८८९ साली ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांस ग्रंथ वाचून दाखवावेत व राजपुत्रांस शिकवावे, हे त्यांचे काम. त्या अध्यापनाच्या टिपणांतूनच ‘रियासत’ ग्रंथमाला जन्मास आली. सेवानिवृत्तीनंतर ते कामशेत येथे राहिले व पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादिले. वयाची नव्वदी उलटल्यावर, १९५७ साली, त्यांचा ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ हा ग्रंथ छापून निघाला. त्याच वर्षी त्यांस पद्मभूषण किताब मिळाला.

हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हे. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. म्हणून पेशव्यांच्या एकाच घरात दोन बाळाजी व दोन बाजीराव आढळतात. बाळाजी विश्वनाथ हे आजोबा, तर बाळाजी बाजीराव हे नातू. पित्याचे नाव गाळले की दोन पिढ्यांची एक होते. दत्तकाची गाठ त्याहून अवघड. महादजी शिंद्यांची गादी १७९४ साली दौलतरावांकडे आली; परंतु जन्माने ते महादजींचे बंधू तुकोजी यांचे नातू. नुसते ‘पुत्र’ म्हणून लिहिले, तर खरी शाखाच झाकली जाते.

इतरांची कुळे जुळविणाऱ्या ह्या पुरुषाचे दोन्ही पुत्र त्यांच्या हयातीतच निवर्तले. त्यांपैकी श्यामकांत १९२५ साली जर्मनीत विद्याभ्यास करीत असता गेले. दफ्तराचे खंड व वंशावळींचा ग्रंथ ही दोन्ही कामे त्या आघातानंतरची आहेत, हे ध्यानी आले की आमचे मन भरून येते. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे त्यांचे देहावसान झाले.

आपल्या कुटुंबांतील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावे, साल, गाव व दत्तक यांची नोंद करावी. लेकीसुनांची नावेही गाळू नयेत, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती आहे.