फळाची वेळ प्रभूच्या हाती

गोस्वामी तुलसीदासांचे मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपले. दारोदार हिंडावे आणि चार चणे हाती पडले तरी धन्यता मानावी, अशी त्यांची दशा होती. इतर मुले आईबापांच्या कुशीत वाढत असता या अनाथ बालकास भाग्यवान कोण म्हणेल? परंतु प्रभूचा संकल्प निराळा होता. संवत् १६३१ (इ. स. १५७४) च्या रामनवमीस अयोध्येत त्यांनी ‘रामचरितमानसा’चा आरंभ केला. लोकभाषेतील तो ग्रंथ पुढे उत्तर भारतात घरोघरी पूज्य झाला. ज्याने दारोदार भिक्षा मागितली, त्याचीच वाणी असंख्य गृहांत नित्यपाठाची झाली! म्हणून दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून आपल्या दैवास बोल लावू नये. आपले कर्तव्य करीत राहावे, नाम घ्यावे आणि फळाची वेळ प्रभूवर सोपवावी.