ससून म्हणजे कोण? बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून यांची गोष्ट



पुण्यात कुणाला अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, ससूनला नेलं का? मुंबईत घाऊक भावात मासळी हवी असेल तर पहाटे ससून डॉक गाठावा लागतो. काळा घोड्याला दगडी कमानींची जुनी लायब्ररी आहे, तिचंही नाव ससून. पण हे ससून म्हणजे कोण, असं मुलांना विचारून बघा. बहुतेक मुलं कुणीतरी इंग्रज साहेब असणार, असं म्हणून मोकळी होतात. मोठ्यांचंही फारसं वेगळं नाही.

ते इंग्रज नव्हते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांनी ते शिकूनही घेतलं नाही. ते बगदादचे ज्यू होते आणि मुंबईत आले ते जीव वाचवायला घरदार सोडून. आजच्या भाषेत सांगायचं तर निर्वासित.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादमध्ये झाला. तेव्हा बगदाद तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्यात होतं. तिथल्या ज्यूंची वस्ती थोडीथोडकी नव्हे, अडीच हजार वर्षांची. म्हणजे ही माणसं कुणी उपरी नव्हती, त्याच मातीतली होती. अरबी बोलत, पण तीच अरबी हिब्रू अक्षरांत लिहीत. डेव्हिड यांचे वडील सालेह ससून हे बगदादच्या पाशांचे मुख्य खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुखही होते. आपल्याकडे पेशवाईत सावकार-फडणिसांच्या घराण्यांचा जो मान असायचा तसं काहीसं समजा. पैसा, अधिकार, शब्दाला वजन, सगळं होतं.

पण अशा घराण्यांचं नशीब राज्यकर्त्याच्या मर्जीवर असतं. १८१७ च्या सुमारास दाऊद पाशा सत्तेवर आला आणि मर्जी फिरली. श्रीमंत ज्यूंकडून पैसे उकळणं, तुरुंगात टाकणं असले प्रकार सुरू झाले. डेव्हिड यांनाही अटक झाली होती आणि वडिलांनी पैसे भरून त्यांना सोडवलं, असं सांगतात. त्यानंतर ते रातोरात बगदादमधून निसटले. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून घेतले होते, अशीही एक कथा घराण्यात चालत आली आहे. खरी असेल नसेल, मुलांना ती फार आवडते, सांगायला हरकत नाही. फक्त ही कथा आहे, हेही सांगा.

इथे नकाशा काढा. मुलांना बोट ठेवायला लावा. बगदाद, तिथून खाली बसरा, मग इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर बंदर. म्हातारे वडीलही मागून बुशहरला आले आणि १८३० मध्ये तिथेच वारले. ज्या माणसाने आयुष्यभर बगदादचा खजिना सांभाळला त्याला माती मिळाली ती परक्या बंदरात. गंमत म्हणा किंवा दैवाचा खेळ म्हणा, पुढच्याच वर्षी बगदादमध्ये प्लेग आला, पूर आला आणि दाऊद पाशाचीही सत्ता गेली. पण ससून कुटुंब परत फिरलं नाही. १८३२ साली डेव्हिड बायकामुलांसह मुंबईत उतरले. वय चाळिशीच्या घरात. आपल्यापैकी अनेक जण ज्या वयात बदलीच्या नुसत्या कल्पनेने हैराण होतात त्या वयात त्यांनी शून्यातून संसार मांडला. अगदी शून्य नाही म्हणा, ओळखीपाळखी होत्या आणि व्यापाराची अक्कल होती.

तेव्हाची मुंबई आजच्यासारखी नव्हती. बेटं अजून पुरती जोडलेली नव्हती, कुलाब्याला जायला धड रस्ता नव्हता, रेल्वे यायला वीस वर्षं होती. पण बंदर जागं झालं होतं. पारशी, भाटिया, बोहरी, अरबस्तानातून घोडे आणणारे व्यापारी अशी सगळ्या जातीधर्मांची माणसं तिथे पोटापाण्यासाठी आलेली. चीनच्या व्यापारावरची ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारीही १८३३ च्या कायद्याने संपवण्यात आली, म्हणजे खासगी व्यापाऱ्यांना रान मोकळं झालं. डेव्हिड ससून नेमके त्या वेळी आले. त्यांनी आखाती देशांतल्या ओळखींवर गालिचे, कापड, कापूस असा व्यापार सुरू केला. पेढीचा पत्रव्यवहार त्याच हिब्रू अक्षरांतल्या अरबीत चालायचा. बाहेरच्याला पत्र सापडलं तरी त्याला एक ओळ कळायची नाही!

त्यांना आठ मुलगे होते. एकेकाला त्यांनी एकेका बंदरात पाठवलं आणि पेढीचं जाळं विणलं. कामाला माणसं लागली की बगदादच्या ज्यूंना बोलावून घ्यायचे. आलेल्याला काम, राहायला जागा, पोरांना शाळा, आजारी पडला तर औषध, मेला तर दफनाची सोय. तिकडे छळ चाललेला असताना इकडे मुंबईत आपलं कुणीतरी आहे, ही बातमी किती कुटुंबांना तारून गेली असेल! या लोकांना पुढे बगदादी ज्यू असं नाव पडलं.

आता त्या भागाकडे येऊया, जो आपण वर्गात सांगताना बहुतेकदा गाळतो.

ससून घराण्याचा मोठा पैसा अफूतून आला. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनमध्ये तिच्यावर बंदी होती, कारण घरंच्या घरं व्यसनापायी धुळीला मिळत होती. १८३९ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी वीस हजारांवर पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, तर इंग्रजांनी युद्ध पुकारलं, ते जिंकलं आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनची बंदरं उघडून घेतली. त्यानंतर डेव्हिड यांनी एलियास या मुलाला चीनला पाठवलं. हाँगकाँग, शांघाय इथे पेढ्या उभ्या राहिल्या आणि पुढे या धंद्यात ससून घराणं सगळ्यांच्या पुढे गेलं. इंग्रजांच्या कायद्याने हा धंदा गुन्हा नव्हता. सरकार त्यावर कर घ्यायचं. मुंबईतल्या इतर अनेक दानशूर घराण्यांनीही हाच व्यापार केला, जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाने आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांनीसुद्धा. म्हणून एकट्या ससून यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. पण सगळेच करत होते म्हणून ते बरोबर होतं, हेही मला पटत नाही. वर्गातली खोडी पकडली की मुलं हेच कारण देतात, आणि ते आपण मान्य करतो का?

माझं मत विचाराल तर चौथी-पाचवीच्या मुलांना हे सांगावं. मुलं दोन्ही गोष्टी एकत्र ऐकू शकतात. स्वतः छळ सोसलेला माणूस दूरच्या लोकांच्या दुःखावर पैसा कमावू शकतो आणि तोच माणूस दवाखानाही बांधू शकतो. त्यावर ती जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं आपल्याकडे नसतात. नसू देत.

दुसरी अशीच एक गोष्ट. बगदादी ज्यू येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या कोकणात ज्यू होते. बेने इस्रायल, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावं. मुंबईत त्यांचं प्रार्थनामंदिरही होतं, १७९६ सालचं. नव्याने आलेल्यांना आधार वाटावा असे हे धर्मबांधव. पण पाय रोवले गेल्यावर बगदादी मंडळींनी त्यांच्यापासून अंतर ठेवायला सुरुवात केली. १८३० च्या दशकातच दफनभूमीत दोन समाजांच्या मध्ये भिंत घालून द्या, असा अर्ज सरकारकडे गेला, आणि त्यात डेव्हिड ससून यांचाही पुढाकार होता. शेजाऱ्यापासून वेगळं दिसायची ही हौस आपल्यालाही काही नवीन नाही.

माणूस म्हणून ते कसे होते? धर्माने वागणारे, शिस्तीचे. शनिवारी पेढी बंद म्हणजे बंद. अंगात लांब अंगरखा, डोक्याला पगडी, पांढरी दाढी. लायब्ररीतला त्यांचा पुतळा याच वेशात आहे. अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होती, इथे येऊन हिंदुस्तानीही शिकले. १८५३ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रूत. १८५७ च्या उठावात ते इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. आपल्याला हे खटकतं. पण ज्याचं घर एका राज्यकर्त्याच्या लहरीने उद्ध्वस्त झालं होतं त्याला सांभाळणारं सरकार टिकावं असं वाटलं, तर ते समजू शकतं.

दानधर्माची तर यादी लांब आहे, सगळी देत नाही. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग त्यांनी बांधलं. तिथेच जवळ त्यांचा बंगला होता, आज त्या जागी मसिना हॉस्पिटल आहे. काळा घोड्याच्या लायब्ररीची सुरुवात १८४७ मध्ये टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण कारागिरांनी काढलेल्या संस्थेतून झाली होती. तिच्या इमारतीसाठी डेव्हिड यांनी ६० हजार रुपये दिले, पण १८७० मध्ये ती पूर्ण झालेली बघायला ते नव्हते. मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी १८५७ च्या सुमारास सुरू केलेलं मुलांसाठीचं सुधारगृह. चोरीमारीत सापडलेल्या पोरांना मोठ्या गुन्हेगारांबरोबर कोंडण्याऐवजी काहीतरी हातकाम शिकवावं, हा विचार त्या काळात नवा होता. माहीमची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ती हीच. आपण शाळामास्तर, म्हणून असेल, पण मला डॉकपेक्षा ही शाळा मोठी वाटते.

पुण्याच्या हॉस्पिटलचं काम त्यांच्या देणगीतून १८६३ मध्ये सुरू झालं आणि १८६७ मध्ये पूर्ण झालं. कोणत्याही जातीधर्माच्या रुग्णाला तिथे प्रवेश होता. त्याच हॉस्पिटलमध्ये १९२४ मध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि मध्येच दिवे गेले म्हणून शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. विषयांतर झालं, पण मुलांना हे सांगितलं की हॉस्पिटल कायमचं लक्षात राहतं.

डेव्हिड ससून ७ नोव्हेंबर १८६४ रोजी पुण्यातच वारले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि पुढच्या वर्षी युद्ध संपताच बाजार कोसळून भलेभले बुडाले. ते त्यांना बघावं लागलं नाही. पुण्यात कॅम्प भागात त्यांनीच बांधायला घेतलेलं लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे, लोक त्याला लाल देऊळ म्हणतात. त्याच आवारात त्यांची समाधी आहे.

एक दुरुस्ती मात्र आवर्जून करा, कारण ही चूक सगळीकडे दिसते. ससून डॉक डेव्हिड यांनी बांधला नाही. तो त्यांचा थोरला मुलगा अब्दुल्ला, म्हणजे पुढे अल्बर्ट झालेले ससून, यांनी बांधला आणि तो १८७५ मध्ये सुरू झाला. ज्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तो घोड्यावरचा पुतळाही अल्बर्ट यांनीच दिलेला, तो आता राणीच्या बागेत आहे. जवळचं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग नातू जेकब यांनी एलियास यांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये बांधलं. बापाने नाव अब्दुल्ला ठेवावं आणि पोराने ते अल्बर्ट करावं, एवढ्या एका गोष्टीत त्या घराण्याची पुढची वाट दिसते. पुढच्या पिढ्या इंग्लंडला गेल्या. पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारे सिगफ्रीड ससून हे डेव्हिड यांचे पणतू.

आणखी एक पणतू व्हिक्टर ससून. त्यांनी आपला कारभार मुंबईतून शांघायला हलवला आणि तिथे मोठमोठ्या इमारती बांधल्या. १९३८-३९ मध्ये हिटलरच्या छळातून पळालेले ज्यू जगभर दारं ठोठावत होते आणि कुणी व्हिसा देत नव्हतं. शांघाय बंदरात उतरायला व्हिसा लागत नसे. जवळपास वीस हजार माणसं बोटींनी तिथे पोचली. त्यातल्या अनेकांना पहिला आसरा मिळाला तो व्हिक्टर यांच्या एम्बँकमेंट नावाच्या इमारतीत. ज्या चीनमध्ये पणजोबांच्या पेढीची अफू उतरायची, तिथेच ही माणसं उतरली. मुलांना नकाशावर बुशहर दाखवल्यानंतर शांघायही दाखवा.

सहलीचं नियोजन करणार असाल तर सिनेगॉग बघायला आधी परवानगी आणि सोबत ओळखपत्र लागतं, आयत्या वेळी वर्ग घेऊन जाऊ नका. लहान मुलांना सोयीची राणीची बाग. तिथे ससून घराण्याने दिलेला घड्याळाचा मनोरा आहे. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा, डेव्हिड ससून यांनी दिलेला पुतळा आहे. त्याच्यावर इंग्रजीबरोबर हिब्रूतही मजकूर कोरलेला आहे. तो कुठल्या बाजूने वाचायचा, हे मुलांना ओळखायला सांगा.