कारीचे कान्होजी नाईक जेधे आणि घराण्याचे दप्तर

भोर व वेल्हे या मावळी मुलखात ज्यांच्या पराक्रमाच्या कथा आजही घरोघर सांगितल्या जातात, त्यांत कारीचे कान्होजी नाईक जेधे यांचे स्थान अग्रभागी आहे. रोहिडखोऱ्यातील भोर तर्फेची देशमुखी त्यांच्या घराण्याकडे होती. परंतु कान्होजींचे चरित्र आज आपणांस सुसंगतपणे सांगता येते, याचे श्रेय त्यांच्या तलवारीइतकेच वंशजांनी जतन केलेल्या कागदांनाही आहे. ज्ञातिबांधवांनी या दुसऱ्या गोष्टीचाही विचार करावा, या हेतूने हा अल्प परिचय सादर करीत आहोत.

कान्होजींचे बालपण घोर आपत्तीत गेले. वतनाच्या भाऊबंदकीत त्यांचे वडील नाईकजी मारले गेले. तान्ह्या कान्होजींचे प्राण देवजी महाला या इमानी सेवकाने वाचविले, असे परंपरा सांगते. पुढे मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर यांचा त्यांस आधार मिळाला व पासलकरांची कन्या सावित्रीबाई त्यांची सहधर्मचारिणी झाली. ज्या वतनापायी पितृछत्र हरपले, ते वतन त्यांनी मनगटाच्या बळावर सांभाळले.

आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या पदरी असलेले कान्होजी १६३६ च्या सुमारास शहाजीराजांकडे आले व त्यांच्यासमवेत कर्नाटकात गेले. १६४८ मध्ये जिंजीनजीक शहाजीराजे कैद झाले, तेव्हा कान्होजींनाही बंदिवास भोगावा लागला. १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांस मावळात शिवाजीराजांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी पाठविले. दिलेला शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

या शब्दाची खरी कसोटी १६५९ साली लागली. अफझलखान स्वराज्यावर चालून आला. खानास सामील व्हावे, न झाल्यास परिणाम भोगावे, अशा आशयाचे बादशाही फर्मान मावळच्या देशमुखांस आले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानास जाऊन मिळाले. कान्होजी मात्र आपल्या पाच पुत्रांसह वेल्हे भागातील राजगडावर गेले, फर्मान महाराजांपुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. त्यात पूर्वजांचे नाव, गावातील मान आणि पुढील पिढ्यांचे अन्न सामावलेले असे. असा त्याग उद्गारण्यास सोपा, आचरण्यास कठीण! कुटुंबकबिला तळेगावी सुरक्षित ठेवून जेधे मंडळी मोहिमेस सज्ज झाली व १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडच्या रणसंग्रामात त्यांनी शौर्य गाजविले. महाराजांनी कान्होजींस तलवारीच्या पहिल्या पानाचा मान दिला.

पुढे १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व हिरडस मावळच्या बांदलांचे शेकडो वीर धारातीर्थी पडले. तेव्हा तो पहिला मान बांदलांस देण्यात आला व कान्होजींनी त्यास संमती दिली. बांदलांशी जेध्यांचे पूर्वी वैर होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या औदार्याची थोरवी कळते. भोरजवळच्या आंबवडे येथील त्यांच्या समाधीपुढे नतमस्तक होताना हा प्रसंग अवश्य स्मरावा.

आता कागदांविषयी. जेध्यांच्या घरी करीना व शकावली असे दोन मौल्यवान लेख पिढ्यान् पिढ्या जपले गेले. शकावलीत शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांची तिथीवार टिपणे आहेत. वंशजांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली व भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. शिवजन्म १६२७ चा, हा तोवर रूढ असलेला समज तिने हादरविला. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी पुढे आली. तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून उपलब्ध होऊन १९२७ मध्ये प्रकाशित झालेल्या शिवभारतानेही तिला दुजोरा दिला. एका खेड्यातील वाड्यात जपलेल्या दप्तराने अखिल महाराष्ट्राचा वाद मिटविण्यास साहाय्य केले!

आपल्या घराण्याचा शोध घेऊ इच्छिणारे पुष्कळ बांधव प्रथम खानेसुमारीकडे वळतात. हिंदुस्थानात पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली व १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. १९३१ पर्यंतच्या अहवालांत जातवार आकडे विस्ताराने मिळतात. तथापि त्या छापील ग्रंथांत गावची घरे व माणसे मोजलेली असतात. आपल्या पणजोबांचे नाव तेथे सापडत नाही. नावासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, १८५२ च्या इनाम कमिशनच्या चौकशीचे कागद, भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेले साधनांचे खंड धुंडाळावे लागतात. मोडी वाचता येणे ही त्याची पहिली पायरी होय.

१९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झाले. १९५० च्या कायद्याने परगणा वतनेही गेली. वतन गेले म्हणून कागद निरुपयोगी झाले, असे समजून अनेक घरांतील रुमाल वाळवीच्या स्वाधीन झाले आहेत. कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, परंतु त्यांच्या वंशजांनी स्मृतीवर पाणी सोडले नाही. प्रत्येक कुटुंबाने माळ्यावरचे गाठोडे एकदा उतरवावे, जाणत्या वडीलधाऱ्यांकडून वंशावळ लिहून घ्यावी आणि जीर्ण कागद जाणकारांच्या हाती सोपवावेत, हीच नम्र विनंती.