शब्दांतून इतिहास वाचणारे वि. का. राजवाडे

शब्दांचा अभ्यास हा केवळ व्याकरणाचा विषय आहे, असा आपला समज असल्यास विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र आपण लक्षपूर्वक अभ्यासावे.

राजवाडे यांचा जन्म १८६३ मध्ये कोकणातील वरसई येथे झाला. १८९१ मध्ये ते डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. काही काळ त्यांनी अध्यापन केले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मराठ्यांच्या इतिहासासाठी त्या काळी ग्रांट डफ यांचा ग्रंथ प्रमाण मानला जात असे. अस्सल कागदपत्रांवाचून लिहिलेला इतिहास अपुरा असतो, या जाणिवेने राजवाडे गावोगाव हिंडले आणि जुन्या घराण्यांची दप्तरे त्यांनी तपासली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तिचे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

या कागदांत राजवाडे यांना घटनांबरोबरच भाषेचाही इतिहास दिसला. त्यांनी निरनिराळ्या काळांतील पत्रांमधले शब्द मोजले. १६२८ च्या पत्रातील २३६ शब्दांपैकी केवळ ३४ मराठी, उरलेले फारसी. १७२८ च्या पत्रात मात्र १२७ पैकी ११९ मराठी. सत्ता पालटली की कारभाराची भाषाही पालटते, हे या आकड्यांवरून त्यांनी दाखविले.

येथे आपण थांबून विचार करावा. मोजकी पत्रे साऱ्या समाजाच्या बोलीची साक्ष देऊ शकतील काय? दरबारी लेखनाची भाषा आणि शेतकऱ्याच्या घरातील भाषा एक असते काय? राजवाडे यांचे अनुमान दप्तरी भाषेपुरते भक्कम आहे. त्यापलीकडे ते ताणू नये. त्यांच्या अनेक व्युत्पत्तीही पुढील अभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत.

तरीही त्यांचे ऋण मोठे आहे. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत संपादून तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा धातुकोश मरणोत्तर प्रसिद्ध झाला. राजवाडे वाचताना आपण त्यांचे निष्कर्ष तपासून घ्यावेत. पुराव्यावाचून बोलू नये ही त्यांची शिस्त मात्र निःशंकपणे स्वीकारावी.