बॅब्ज आणि तिचे धनी

जुनी शर्यतीची मोटार विकत घेण्याआधी शौकीन लोक तिची वंशावळ तपासतात. सांगाड्यावरचा क्रमांक, विक्रीच्या पावत्या, जुने फोटो, शर्यतींच्या नोंदी हे सारे जुळवून ती कोणाकडून कोणाकडे गेली ते ठरवतात. 'बॅब्ज' नावाच्या एका प्रसिद्ध मोटारीच्या वंशावळीत मात्र बेचाळीस वर्षांचा खंड आहे. तेवढा काळ ती समुद्रकाठच्या वाळूखाली पुरलेली होती. तिच्यामुळे ज्यांचे नाव झाले आणि तिच्यामुळेच ज्यांचा अंत झाला, त्या जे. जी. पॅरी-टॉमस यांची ही हकीकत.

जॉन गॉडफ्रे पॅरी-टॉमस यांचा जन्म १८८५ साली वेल्समधील रेक्सम येथे एका पाद्र्याच्या घरी झाला. लंडनला इंजिनियरिंगचे शिक्षण घेतल्यावर पुढे ते लेलँड मोटर्स या कंपनीचे मुख्य इंजिनियर झाले. ट्रक आणि बस बनवणाऱ्या या कंपनीसाठी त्यांनी 'लेलँड एट' ही आठ सिलिंडरची आलिशान मोटार तयार केली. १९२० साली ती लोकांपुढे आली. मोटार अव्वल, पण किंमत अशी की गिऱ्हाईकच मिळेना. शेवटी कंपनीने तिचा नाद सोडला आणि टॉमस यांनी कंपनी सोडली. ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गालगतच एका बंगलीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. लग्न केलेले नव्हते. मोटारी सुधारायच्या आणि पळवायच्या, एवढाच संसार.

बॅब्जचा पहिला धनी अगदी निराळ्या थराचा होता. काउंट लुई झ्बोरोव्स्की हा कोट्यधीश तरुण. त्याचे वडील १९०३ साली नीसजवळ घाटातल्या शर्यतीत मेले होते. मुलाने विमानांची प्रचंड इंजिने मोटारीत बसवण्याचा छंद लावून घेतला. त्यातलीच शेवटची ही 'हायम स्पेशल': सत्तावीस लिटरचे, बारा सिलिंडरचे अमेरिकन लिबर्टी इंजिन आणि मागच्या चाकांना साखळ्या. ती मनासारखी पळवण्याआधीच १९२४ साली मोंझाच्या शर्यतीत झाडावर आदळून काउंट गेला. वय अवघे एकोणतीस.

ती धूड मोटार टॉमस यांनी १२५ पौंडांना घेतली. त्या काळी मॅल्कम कॅम्पबेल पदरचा अमाप पैसा ओतून विक्रमाची मोटार बांधत होते, तर हेन्री सीग्रेव्ह यांच्या पाठीशी सनबीम कंपनी उभी होती. टॉमस यांनी दुसऱ्याची उरलेली मोटार घेतली, तिला स्वतःच्या आराखड्याचे पिस्टन आणि चार नवे कार्बुरेटर बसवले आणि नाव ठेवले बॅब्ज. मला या गृहस्थाचे खरे कौतुक वाटते ते इथे.

वेल्समधील पेंडाइनचा किनारा सुमारे सात मैल लांब, सपाट. ओहोटीनंतर वाळू घट्ट असेपर्यंतच काय ते धावायचे. २७ एप्रिल १९२६ रोजी बॅब्जने ताशी १६९.३० मैलांचा जागतिक विक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी तो १७१.०२ वर नेला. किलोमीटरमध्ये सांगायचे तर ताशी २७५.

४ फेब्रुवारी १९२७ रोजी कॅम्पबेल यांनी त्याच किनाऱ्यावर १७४.८८ गाठले. महिनाभराने, ३ मार्चला, टॉमस विक्रम परत मिळवायला आले. भर वेगात मोटार घसरली, उलटली आणि टॉमस जागीच ठार झाले. साखळी तुटून त्यांना लागली, असे तेव्हा सर्वांनी धरले. जमिनीवरील वेगाच्या विक्रमापायी प्राण गमावणारे ते पहिले चालक मानले जातात. वय एक्केचाळीस. त्यांचे दफन ब्रुकलँड्सजवळ बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात झाले. मोटार मात्र सहकाऱ्यांनी तिथेच पेंडाइनच्या वाळूत खड्डा खणून पुरली. ती पुन्हा कोणी चालवू नये, ही त्यामागची भावना.

त्याच महिन्याच्या अखेरीस सीग्रेव्ह यांनी अमेरिकेत ताशी दोनशे मैलांची हद्द ओलांडली. टॉमस यांचे नाव मागे पडत गेले आणि ती जागा पुढे लष्कराच्या ताब्यात आली.

१९६९ साली बँगरच्या तंत्रविद्यालयातील अध्यापक ओवेन विन ओवेन यांनी बॅब्ज उकरून काढायचे ठरवले. गावात विरोध झाला. गावकऱ्यांच्या लेखी ते थडगेच होते, आणि थडगे कोणी उकरते का? बाजू दोन्ही खऱ्या. पण खाऱ्या वाळूत लोखंड गंजतच होते, हेही तितकेच खरे. परवानग्या मिळाल्या आणि गंजलेला सांगाडा वर आला. ओवेन यांनी सुमारे पंधरा वर्षे खपून, सुटे भाग शोधून आणि नवे घडवून तो उभा केला.

अवशेष पाहिल्यावर साखळीची गोष्टही पूर्वीइतकी पक्की राहिली नाही. मागचे चाक आधी मोडले असावे, असे मानणारे आता पुष्कळ आहेत. बॅब्जचे इंजिन पुन्हा सुरू झाले, ती लोकांसमोर चालवूनही दाखवली गेली, आणि पुढे पेंडाइनच्याच संग्रहालयात ती ठेवली जाऊ लागली.