शेवाळाच्या राखेतला जांभळा धूर

जखमेवर लावायचे तपकिरी औषध असो की स्वयंपाकघरातले मीठ, त्यांतले आयोडीन माणसाच्या हाती प्रथम आले ते समुद्री शेवाळाच्या राखेतून. ते वेगळे करणारे बर्नार कुर्त्वा १७७७ साली फ्रान्समधील दिजाँ येथे जन्मले. सोरा तयार करणे हा घरचा धंदा. नेपोलियनच्या युद्धकाळात बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याला मोठी मागणी होती. लाकडाची राख कमी पडू लागली, तेव्हा किनाऱ्यावरचे शेवाळ जाळून त्याची राख वापरली जाऊ लागली.

राख पाण्यात कालवून, द्रावण आटवून क्षार काढून घेत. उरलेल्या द्रावणात सल्फ्युरिक आम्ल घालत. १८११ मध्ये एकदा हे आम्ल जास्त पडले. जांभळी वाफ उठली आणि थंड झाल्यावर तिचे काळसर, चकचकीत स्फटिक बनले. हे काहीतरी नवे आहे, हे कुर्त्वांनी ओळखले. पण पुढच्या संशोधनासाठी पैसा नव्हता, म्हणून त्यांनी नमुने मित्रांना दिले. १८१३ मध्ये शोध जाहीर झाला. हे मूलद्रव्य असल्याचे गे-ल्युसॅक आणि हम्फ्री डेव्ही यांनी स्पष्ट केले.

गलगंडावर पूर्वी जाळलेला समुद्री स्पंज देत. त्यात औषध किती, हे कोणालाच ठाऊक नसे. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉ. क्वांदे यांनी त्याऐवजी आयोडीन दिले. आता मात्रा मोजता येऊ लागली. जास्त मात्रेचे दुष्परिणामही लवकरच दिसले.

कुर्त्वांनी आयोडीन तयार करून विकले, पण धंदा टिकला नाही. १८३१ मध्ये त्यांना सहा हजार फ्रँकचे पारितोषिक मिळाले. १८३८ मध्ये ते हलाखीतच वारले.

शेवाळ जाळले की त्यातील अल्जिनेटसारखे उपयुक्त पदार्थ नष्ट होतात. म्हणून आता बेताची उष्णता, योग्य द्रावक आणि ध्वनिलहरी वापरून अर्क काढण्यावर भर आहे. कमी खर्चात, कमी नासाडीत शुद्ध पदार्थ कसा काढायचा, हा प्रश्न रसायन अभियांत्रिकीचा. १९३३ पासून हे शास्त्र शिकवणारी संस्था आपल्या माटुंग्यातच आहे आणि शेवाळ कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर उगवते.

रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा मात्रेचा. प्रौढाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आयोडीनयुक्त मीठ नेहमीच्या प्रमाणात खाल्ले तर बहुतेकांची गरज भागते. शेवाळाच्या गोळ्यांत ते कितीतरी जास्त असू शकते. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.