‘वाया गेलेल्या’ मुलांचा वाली

केज तालुक्यातील युसूफ वडगाव असो वा मुंबई, अंगावर धावून जाणाऱ्या, हाती येईल ते फोडणाऱ्या मुलावर ‘वाया गेलेला’ हा शिक्का लगेच बसतो. असा शिक्का बसलेल्या मुलांसाठी आयुष्य वेचणारे आउगुस्ट आइखहॉर्न हे मूळचे शाळामास्तर. २७ जुलै १८७८ रोजी व्हिएन्नात त्यांचा जन्म झाला.

मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून होती. तेथे भर होता तो मुलांच्या हाताला कसब देण्यावर. मूल असे का वागते, हा प्रश्न आइखहॉर्न यांनी ऐरणीवर आणला. १९१८ मध्ये ओबरहोलाब्रुन येथील निर्वासितांच्या रिकाम्या बराकींत त्यांनी अशा मुलांची निवासी संस्था सुरू केली. मारहाणीला तेथे थारा नव्हता. स्वभाव जुळणारी मुले एकत्र ठेवली जात.

कोणत्याही गटात न सामावणारी बारा मुले मात्र उरली. घरी त्यांच्या वाट्याला मायेपेक्षा मारच अधिक आला होता. आइखहॉर्न यांनी त्यांचा वेगळा गट केला आणि जिवावर बेतेल असे काही घडले तरच अडवावे, अशी सूचना शिक्षिकांना दिली. मुलांनी खिडक्या फोडल्या, सामान मोडले, जेवणही जमिनीवर बसून केले. शेजारी संतापले, शिक्षिका थकल्या. कोणत्याही संस्थाचालकाचा धीर येथेच सुटला असता! पण शिक्षा होतच नाही म्हटल्यावर मुलांचा आवेश ओसरला. रागाची जागा रडण्याने घेतली, मग माणसांविषयी ओढ निर्माण झाली. मोडकळीस आलेली बराक सोडून त्यांना नव्या जागेत नेण्यात आले.

या अनुभवांवरील त्यांचे पुस्तक १९२५ मध्ये निघाले. त्याला प्रस्तावना होती सिग्मंड फ्रॉइड यांची. संस्था तोवर बंद झाली होती.

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला. फ्रॉइड यांच्यासह बहुतेक सहकारी देशाबाहेर पडले, आइखहॉर्न यांच्या मुलाची रवानगी डाखाऊच्या छळछावणीत झाली. ते स्वतः व्हिएन्नातच राहिले आणि नव्या राजवटीतही काम करीत राहिले; हा निर्णय आजही वादाचा आहे. १९४६ मध्ये व्हिएन्नातील मनोविश्लेषण संस्था पुन्हा सुरू झाली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. १३ ऑक्टोबर १९४९ रोजी त्यांचे निधन झाले.